टेसरॅक्ट कोपऱ्याकडून कापताना

मंडळी, टेसरॅक्टच्या, म्हणजे आठ घनांनी वेढलेल्या चार मितींच्या घनाच्या, छेदांचा पुठ्ठ्याचा संच पूर्ण झाला! घनाच्या आत घन असं ते नेहमीचं चित्र म्हणजे नुसती सावली. तिच्यात आतला घन लहान दिसतो, प्रत्यक्षात आठही घन सारखेच. म्हणून सावली सोडून छेदांच्या मागे लागलो.

ही वाट गणितज्ञ अॅलिशिया बूल स्टॉट (१८६०–१९४०) यांची. विद्यापीठाचं शिक्षण नसताना त्यांनी चार मितींच्या आकृत्यांचे छेद पुठ्ठ्यात उभे केले. १९१४ मध्ये ग्रोनिंगन विद्यापीठाने त्यांना मानद डॉक्टरेट दिली. समीकरणं सोडवणाऱ्या अनेकांपेक्षा त्यांना चौथी मिती जास्त स्पष्ट दिसत असणार, असं मला मनापासून वाटतं.

बाजू १० सेंमी धरली. टेसरॅक्टचा सर्वांत लांब कर्ण बाजूच्या बरोब्बर दुप्पट, म्हणजे २० सेंमी. त्या कर्णाच्या दिशेने, एक कोपरा पुढे करून, तो आपल्या त्रिमितीतून सरकतोय असं समजायचं आणि दर अडीच सेंमीला छेद घ्यायचा. सुरुवातीला बिंदू, मग ७.१ सेंमी कडेचा चतुष्फलक (चार त्रिकोणांची आकृती), मग १४.१ चा. या मोठ्याची घडी, म्हणजे कापून दुमडायचा सपाट नमुना, ए-फोरवर मावत नाही. ए-थ्री कार्डशीट ठाणे स्टेशनजवळ मिळाली. पावसाळी हवेत फेव्हिकॉल वाळायला वेळ लागतो, तेवढं सांभाळा.

खरी मजा साडेसात सेंमीला. चतुष्फलकाचे चारही कोपरे छाटले जातात आणि चार षटकोन, चार त्रिकोण उरतात, सगळ्या कडा ७.१. षटकोन पिवळे रंगवले, त्रिकोण निळे. दहा सेंमीला, बरोब्बर मध्यावर, अष्टफलक येतो: आठ सारखे त्रिकोण, एक पिवळा एक निळा असे आलटून पालटून. पिवळे षटकोन आक्रसून त्रिकोण झाले, निळे वाढत त्यांच्या बरोबरीला आले. प्रत्येक पृष्ठ म्हणजे एकेका घनाचा छेद. आठ पृष्ठं, आठ घन! रंग दिल्यावर हे असं लख्ख दिसतं की मी बराच वेळ तो अष्टफलक हातात फिरवत बसलो होतो.

पुढे भूमिका बदलतात. निळे षटकोन, पिवळे त्रिकोण, आणि १५ सेंमीला संपूर्ण निळा चतुष्फलक, पहिल्याच्या उलट्या बाजूला तोंड केलेला.

भाचीने विचारलं, "मामा, मग पिवळे गेले कुठे?" उत्तर त्या निळ्या चतुष्फलकाच्या चार टोकांत आहे: प्रत्येक टोकाशी एकेक पिवळा घन आपल्या शेवटच्या कोपऱ्याने बाहेर पडतो.

आता चोवीस अष्टफलकांची चार मितींची आकृती घेतोय, जिच्या तोडीची त्रिमितीत एकही नाही. कोपऱ्याऐवजी एक अष्टफलक पुढे करून कापली की आधी अष्टफलक, मग कोपरे छाटलेला अष्टफलक आणि मध्यावर ८ त्रिकोण, ६ चौरसांचा घनाष्टफलक. त्याची ए-थ्रीवर बसणारी घडी कुणी आखली असेल तर मापं जरूर कळवा.