चांगली माती टाकली की सडा मरतो

रत्नागिरी, राजापूर, देवगडकडे घाटी चढून वर आलं की सपाट, काळपट कातळ लागतो, नजर पोहोचेल तिथवर. हा सडा. महसुली कागदावर बऱ्याचदा पोटखराबा, म्हणजे लागवडीला निरुपयोगी जमीन. जीव आणि त्यांचा परिसर एकमेकांना कसे घडवतात हे शिकायला कोकणात याहून सोपी जागा नाही, असं माझं ठाम मत आहे. खाडीत किंवा देवराईत दहा गोष्टी एकदम घडत असतात. इथे मात्र बहुतेक सगळं एकाच मापावर ठरतं: कातळावर माती किती साचली आहे.

हा कातळ जांभ्याचा, आणि जांभा म्हणजे बेसाल्टचा उरलेला चोथा. लाखो वर्षांच्या पावसाने त्यातली सिलिका, चुना, पोटॅश धुऊन नेली. लोह आणि ॲल्युमिनियम मागे राहिलं. नत्र (नायट्रोजन) जवळपास नाहीच, आणि असलेलं स्फुरद (फॉस्फरस) लोहाने घट्ट धरलेलं. वर जून ते सप्टेंबरमध्ये तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस, आणि त्यानंतर महिनोन्महिने रणरणतं ऊन. तीच जागा ऑगस्टमध्ये पाण्याखाली आणि एप्रिलमध्ये तव्यासारखी.

मापून बघायचं असेल तर ऑगस्टअखेरीस जावं. अर्धा इंची पीव्हीसी पाइपचे चार तुकडे आणि चार एल्बो घेऊन एक मीटर बाय एक मीटरची चौकट करा. सायकलच्या जुन्या स्पोकवर दर सेंटिमीटरला खूण करा. उघड्या कातळापासून गवताळ कडेपर्यंत वीस मीटर दोरी ताणा आणि दर दोन मीटरवर चौकट ठेवा. प्रत्येक चौकटीत चार कोपरे आणि मध्य, अशा पाच जागी स्पोक कातळाला टेकेपर्यंत खुपसून खोली लिहा, मग आत काय उगवलंय ते. चौकट फुलं बघून ठेवली की सगळी मोजणी फुकट जाते. दोरी सांगेल तिथेच ती पडली पाहिजे, मग तिथे नुसता दगड का असेना. आणि चौकटीत पाय देऊ नका: ओल्या कातळावरचा मातीचा थर पापुद्र्यासारखा निसटतो, आणि तो पुन्हा साचायला फार काळ जातो.

खोली शून्य असते तिथे दगडफूल आणि निळं-हिरवं शैवाल. उन्हाळ्यात हे शैवाल काळा डाग वाटतं, भिजलं की जागं होतं, आणि त्यातल्या काही जाती हवेतला नत्र बांधतात. सड्याचं खत ते हेच. एक-दोन सेंटिमीटर माती आणि वरून झिरपणारं पाणी असेल तिथे गेंद, सीतेची आसवं, दवबिंदू ही बुटकी रोपं. माती वाढत गेली की गवतं आणि कवला. कवल्याच्या मुळांवर नत्राच्या गाठी असतात. भेगांत करवंद, आणि जूनच्या पहिल्या पावसात फुलणारी पांढरी दिपकाडी कोंकणेन्स, जी कोकणपट्टीबाहेर सापडत नाही.

सीतेच्या आसवांकडे जरा थांबून बघा. चिमूटभर चिखलासकट एकच रोप बशीतल्या पाण्यात अलगद धुवा आणि दहापट भिंग लावा. मूळ नाहीच. धाग्यांवर मिलिमीटरभराच्या पारदर्शक पिशव्या दिसतात. पिशवी आतलं पाणी बाहेर टाकून आत दाब कमी ठेवते. दाराच्या केसांना सूक्ष्म जीव लागला की दार आत उघडतं आणि पाण्यासकट तो ओढला जातो, सेकंदाच्या हजाराव्या भागापेक्षाही कमी वेळात. हा सगळा खटाटोप त्या जीवातल्या नत्रासाठी. नत्र मुबलक असेल तिथे उंच गवत झपाट्याने वाढून ऊन अडवतं आणि ही बुटकी रोपं मरतात. मातीची गरिबी हेच त्यांचं संरक्षण.

म्हणून सड्याला ‘सुधारणं’ घातक ठरतं. कलमांसाठी सुरुंग लावून मीटरभर खोल खड्डे घेतात, बाहेरची माती आणि शेणखत भरतात. हापूस लावूच नये असं मी म्हणणार नाही, घरं त्यावर चालतात. पण खत पावसाबरोबर उतारावरच्या डबक्यांत जातं आणि तिथे गवत माजतं. खड्डे डबक्यांच्या आणि पाणवाटांच्या वरच्या अंगाला घेऊ नयेत, आणि खत भर पावसात कधीच टाकू नये.

दुसरं नुकसान गडग्यासाठी होतं. सुटे दगड वेचून बांध रचला की जागा साफ दिसते, पण त्या दगडांखाली ऐन उन्हातही गारवा आणि ओल टिकते आणि त्यावर बरेच जीव जगतात. रत्नागिरीतल्या डोर्ले गावावरून विज्ञानाला माहीत झालेले दोन प्राणी, पांढऱ्या पट्ट्यांची एक छोटी पाल आणि शेषाचारी देवगांडूळ (गांडुळासारखा दिसणारा, बिनपायांचा उभयचर), असल्याच दगडांखाली सापडतात. गडग्याला खाणीतला चिरा वापरा, सड्यावरचे दगड राहू द्या.

दगड उचलून बघायचाच असेल तर खाली फुरसं, म्हणजे विषारी साप, आहे असं धरूनच उचला. हात खाली घालू नका. काठीच्या आकड्याने दगडाची पलीकडची कड आपल्याकडे उचला, म्हणजे दगड आपल्या आणि जनावराच्या मधे राहतो. खाली पाल किंवा देवगांडूळ निघालं तर त्याला बाजूला सरकू द्या, आधी दगड जुन्या खाचेत तसाच बसवा, मग ते आपलं आपण कडेने आत शिरतं. दगड उलटा किंवा तिरका ठेवला तर खालची ओल दुपारपर्यंत उडून जाते.