तुम्ही विचारलंत म्हणून: मोंतेरोला शिक्षा झाली का?

गोव्याच्या मुक्तिलढ्याविषयी कुठेही बोलायला गेले की कार्यक्रमानंतर कोणीतरी, बहुधा स्वातंत्र्यसैनिकाच्या घरातलेच, मला विचारते: आमच्या माणसांचा कोठडीत छळ करणाऱ्या, पोर्तुगीज पोलिसांतल्या त्या कासिमिरो मोंतेरोचे पुढे काय झाले, आणि त्याने केलेल्या खुनाबद्दल जगभर ओरड झाली तिचा काही उपयोग झाला का? पहिल्या प्रश्नाचे उत्तर थोडक्यात देता येते. लिस्बनच्या लष्करी न्यायालयाने १९८१ साली त्याला त्याच्या गैरहजेरीत एकोणीस वर्षे आठ महिन्यांची कैद सुनावली, पण त्यातला एक दिवसही त्याने भोगला नाही. तो दक्षिण आफ्रिकेत पळून गेला होता आणि तिथेच १९९३ साली मेला. शिवाय ही शिक्षा गोव्यातल्या छळाबद्दल नव्हती. ती होती जनरल उंबेर्तु देल्गादु यांच्या खुनाबद्दल.

देल्गादु पोर्तुगालच्या हवाई दलातले जनरल होते आणि १९५८ साली ते पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझार याच्या उमेदवाराविरुद्ध राष्ट्राध्यक्षपदाची निवडणूक लढले. निवडून आल्यास सालाझारचे काय कराल, असे पत्रकारांनी विचारले तेव्हा, ‘अर्थातच, त्यांना काढून टाकीन’, असे त्यांनी लिस्बनमध्ये उघडपणे सांगितले. सरकारी निकालात त्यांच्या पदरी सुमारे चौथाई मते पडली, त्या आकड्यावर विरोधकांनी कधीच विश्वास ठेवला नाही, आणि पुढच्याच वर्षी त्यांना ब्राझीलमध्ये आश्रय घ्यावा लागला. फेब्रुवारी १९६५ मध्ये पिदे ह्या गुप्त पोलिस खात्याने, आपण विरोधी पक्षाचे लोक आहोत असे भासवून, त्यांना स्पेनच्या हद्दीत बोलावून घेतले. तेरा तारखेला ते आणि त्यांच्या ब्राझिलियन सचिव आराजारिर कांपुश बादाखोझ शहरातून भेटीच्या जागी गेले. दोघांचे मृतदेह २४ एप्रिलला सरहद्दीजवळच्या व्हियानुएव्हा देल फ्रेस्नो ह्या गावाबाहेर उथळ खड्ड्यात सापडले. ते लवकर नष्ट व्हावेत म्हणून त्यांवर कळीचा चुना टाकलेला होता. नुसते पकडून आणायला निघालेली माणसे गाडीत चुना घेऊन जात नाहीत, आणि म्हणूनच ‘बेत अपहरणाचा होता, खून मोंतेरोने आपल्या मनाने केला’ हा त्याच्या साथीदारांचा बचाव मला कधीही पटलेला नाही.

आता दुसरा प्रश्न, म्हणजे बाहेरच्या दबावाविषयी. तो सरकारांकडून फारसा आला नाही. पोर्तुगाल नाटोचा संस्थापक सदस्य होता, अझोर्स बेटांवरचा तळ अमेरिकेला हवा होता, आणि स्पेनचा हुकूमशहा फ्रँको तर सालाझारचा करारबद्ध मित्रच होता. खरा आग्रह धरला तो वकिलांनी, परागंदा झालेल्या पोर्तुगीज विरोधकांनी आणि परदेशी वर्तमानपत्रांनी. आंतरराष्ट्रीय मानवाधिकार महासंघाने चौकशीसाठी आपले कायदेपंडित स्पेनमध्ये पाठवले, कुटुंबाची बाजू मारिओ सुआरिश ह्या तरुण वकिलाने हाती घेतली, आणि बादाखोझच्या न्यायाधीशाने खोट्या पासपोर्टांवर सरहद्द ओलांडून आलेल्या मंडळींचा माग काढला. खून विरोधकांनीच आपसातल्या भांडणातून केला, असा प्रचार पोर्तुगाल सरकार करत होते. आपल्या मित्रराष्ट्राला अडचणीत आणणारी चौकशी फ्रँकोच्या राज्यात तडीला जाणे एरवी अवघडच होते; बाहेरचे लोक रोज विचारत होते म्हणूनच ती दडपता आली नाही, असे माझे मत आहे.

ह्या चौकशीने मोंतेरोला हात लागला नाही, हे मान्यच करावे लागेल. तो मोझांबिक ह्या पोर्तुगीज वसाहतीत गेला, आणि १९६९ साली दार-एस-सलाममध्ये टपालाने आलेल्या पुस्तकातील बॉम्बने तिथल्या स्वातंत्र्यासाठी लढणाऱ्या फ्रेलिमो ह्या संघटनेचे नेते एदुआर्दु मोंदलान यांचा जीव घेतला, त्यामागेही त्याचाच हात होता असे मानले जाते. मात्र एप्रिल १९७४ मध्ये लिस्बनमधली राजवट कोसळली तेव्हा खटला उभा करण्यासाठी कागद तयार होते, त्यांत नावे होती, तारखा होत्या, सरहद्दीवरच्या नोंदी होत्या. खुनामागचा गट चालवणारा रोझा काझाकू हाही शिक्षा सुनावली गेली तेव्हा फरारच होता आणि शिक्षेची मुदत कालबाह्य झाल्यावर तो उजळ माथ्याने मायदेशी परतला, ह्याची चीड मला आजही येते. तरीही खुनी कोण, हे आज कोणाला लपवता येत नाही, आणि लिस्बनच्या विमानतळाला २०१६ पासून देल्गादु यांचे नाव आहे.

बाहेरून आलेला शब्द जिवंत माणसाच्या बाबतीत अधिक लवकर कामी येतो, हे आपण गोव्यातच अनुभवले आहे. सावईवेऱ्यात शिक्षक असलेले मोहन रानडे १९५५ पासून पोर्तुगीजांच्या कैदेत होते, आणि गोवा मुक्त होऊन सात वर्षे उलटली तरी ते पोर्तुगालमधल्या काशियाशच्या किल्ल्यात खितपत पडले होते. तमिळनाडूचे मुख्यमंत्री अण्णादुराई यांनी पोपची भेट घेऊन त्यांच्या सुटकेसाठी रदबदली करण्याची विनंती केली आणि जानेवारी १९६९ मध्ये रानडे सुटले. कैद्याला सोडणे ही एका सहीची बाब असते. खुन्याला शिक्षा द्यायची तर राज्यकर्त्यांना स्वतःच्या पोलिसांविरुद्ध उभे राहावे लागते, आणि तिथे बाहेरच्यांचा आग्रह फक्त पुरावा जिवंत ठेवू शकतो.

मोंतेरोच्या गोव्यातल्या छळासाठी असा आग्रह धरणारे कोणी नव्हते. त्या कोठड्यांत मार खाल्लेल्यांसाठी ना परदेशी वकील आले, ना कोणा न्यायाधीशाने नोंदी तपासल्या. त्यामुळे हा प्रश्न विचारणाऱ्या प्रत्येकाला मी उलट विचारते की तुमच्या वडिलांनी, आजोबांनी किंवा आजीने त्याच्याविषयी नेमके काय सांगितले होते, कुठल्या ठाण्यावर, कोणत्या वर्षी, आणि बरोबर आणखी कोण होते. ते आठवते तसे कागदावर उतरवा, खाली सही करा आणि एक प्रत मला द्या.