दाभोळचं बंदर, इस्रायलचे शेअर आणि मतपेटी

मे महिन्यात गावी गेले होते. धोपाव्याहून फेरीबोटीने दाभोळला आलं की जेटीच्या जवळच ती जुनी शाही मशीद लागते, आमच्याकडे तिला अंडा मशीद म्हणतात, आणि गावात वर चंडिका देवीचं गुहेतलं देऊळ, आत मिणमिणता दिवा आणि वाकून जायचं. लहानपणापासून दोन्ही बघत आलेय आणि कधी काही वेगळं वाटलं नाही. ह्या वेळी मात्र फोनमध्ये सेव्ह करून ठेवलेला एक रिसर्च पेपर बोटीवर वाचत होते आणि मान वर करून बघितलं तर पेपरात लिहिलेलं समोरच उभं होतं असं झालं, म्हणून हे लिहितेय.

पेपर सौमित्र झा यांचा. स्टॅनफर्डला शिकवतात, अर्थशास्त्रज्ञ, आणि त्यांचा सगळा रिसर्च एकाच प्रश्नाभोवती फिरतो असं मला वाटतं: माणसाचा पैसा समुद्रापलीकडे किंवा समोरच्या गटाकडे गुंतला की त्याची राजकीय मतं बदलतात का? हा पेपर 2013 साली अमेरिकन पोलिटिकल सायन्स रिव्ह्यू ह्या राज्यशास्त्राच्या नियतकालिकात आला. त्यांनी काय केलं, तर भारतीय उपखंडातली मध्ययुगात परदेशी व्यापार करणारी बंदरं घेतली, तशाच बाकीच्या गावांशी त्यांची तुलना केली, आणि हिंदू-मुस्लिम दंगली कुठे किती झाल्या ते मोजलं. बंदरांमध्ये दोन्ही समाज जास्त मिसळून राहतात, म्हणजे नेहमीच्या हिशोबाने तिथे भांडणं जास्त व्हायला हवीत. पण 1850 ते 1950 ह्या शंभर वर्षांत जुन्या बंदरांमध्ये दंगलीचं प्रमाण पाचपट कमी निघालं, 1950 ते 1995 मध्ये निम्मं. आणि तोपर्यंत त्या बंदरांचा व्यापार कधीच गेलेला, पोर्तुगीजांनी आणि नंतर बाकीच्या युरोपियनांनी मुस्लिम व्यापाऱ्यांची समुद्रावरची पकड मोडून दोनशे वर्षं उलटलेली! बंदर गाळाने भरलं, जहाजं यायची बंद झाली, आणि सवय तेवढी मागे राहिली.

आता कोणी म्हणेल व्यापार असला की माणसं गोडीने राहतात, त्यात नवीन काय. मला हेच वाक्य आवडत नाही, आणि झांचा पेपर मला आवडायचं कारण तेच आहे की तो एवढ्यावर थांबत नाही. 1914 मध्ये जर्मनी आणि इंग्लंड एकमेकांशी भरपूर व्यापार करतच होते, झालं ना युद्ध. आपल्याकडेही बाजारपेठेच्या गावांत दंगली झाल्यात, एकाच धंद्यात दोन्हीकडचे दुकानदार असले तर उलट समोरच्याचं दुकान जळालं की आपलं गिऱ्हाईक वाढतं असा हिशोब करणारे लोक निघतात. झा म्हणतात तीन गोष्टी एकत्र लागतात. एक, दोघांचं काम एकमेकांना पूरक हवं, तेच ते नको. दोन, समोरच्याकडे जे आहे ते तुम्हाला हिसकावून किंवा नक्कल करून मिळवता येऊ नये. आणि तीन, नफा वाटून घ्यायची काहीतरी ठरलेली रीत हवी. अरबी समुद्रात हे तिन्ही जमून आलं, कारण हजच्या यात्रेमुळे मक्केला दरवर्षी जगभरातून माणसं आणि माल गोळा व्हायचा, तिथली ओळख आणि पत मुस्लिम व्यापाऱ्याकडेच असायची. इथला वाणी कितीही श्रीमंत असला तरी ती उभी करू शकत नव्हता आणि लुटूही शकत नव्हता, जहाज लुटता येईल पण एडन आणि होर्मुझसारख्या पलीकडच्या बंदरांतली पत कशी लुटणार? उलट त्या व्यापाऱ्याला इथलं कापड, मिरी, सावकारी आणि राजाचं संरक्षण हवं होतं.

ह्यातलं तिसरं, म्हणजे वाटून घ्यायची रीत, ह्यावर मी सगळ्यात जास्त अडकले, कारण त्याचे पुरावे आपल्याच किनाऱ्यावर पडलेत. दहाव्या शतकात अल-मसूदी नावाचा अरब प्रवासी चौलला आला होता, अरब लोक चौलला सैमूर म्हणायचे. तो लिहितो की तिथे दहा हजाराच्या आसपास मुसलमान राहतात आणि त्यांच्यातलाच एक प्रमुख राजाने नेमलाय, त्यांचे आपसातले तंटे तो सोडवतो. राजा कोण, तर आपल्या कोकणातल्या शिलाहार घराण्यातला. पालघर जिल्ह्यातल्या चिंचणीला ताम्रपट सापडले त्यातला एक शके 848 चा, म्हणजे इसवी सन 926, राष्ट्रकूट राजा तिसऱ्या इंद्राच्या काळातला. त्यात संजाण भागाचा कारभार मधुमती नावाच्या ताजिक, म्हणजे अरब, अधिकाऱ्याकडे आहे, मधुमती म्हणजे मोहम्मदचं संस्कृत केलेलं. ह्या माणसाने नदी ओलांडायला फुकट होडी सुरू केली, अन्नछत्र घातलं आणि एका मठिकेला, म्हणजे छोट्या मठाला, जमीन देण्यात त्याचा हात होता. फुकट होडी! मी फेरीबोटीत बसून हे वाचत होते हो.

आणि भाषा तर बघा. नाखवा हा शब्द फारसीतल्या नाखुदावरून आलाय, बंदर फारसी, खलाशी अरबीतून आलेला. कोळीवाड्यात कुणाला विचारलंत तर हे शब्द परके आहेत म्हणून कोणी मान्यच करणार नाही.

बरं, हे झालं जुनं. झांचं दुसरं काम इंग्लंडवर आहे आणि ते मला जास्त हुशारीचं वाटतं. 1642 ला तिकडे राजा आणि पार्लमेंटमध्ये यादवी सुरू झाली, तर कोण राजाच्या बाजूने गेलं आणि कोण पार्लमेंटच्या, हे शोधायला त्यांनी एकेका खासदाराची माहिती काढली. त्याआधीच्या काही दशकांत ईस्ट इंडिया कंपनीसारख्या कंपन्यांनी लोकांना शेअर विकायला काढले होते, पूर्वी असं काही नव्हतंच, परदेशी व्यापारात पडायचं तर स्वतः व्यापारी असावं लागायचं. आता अडचण अशी की शेअर घेणारा माणूस आधीपासूनच वेगळ्या विचाराचा असेल तर? म्हणून त्यांनी बघितलं की शेअर विक्रीला निघाले तेव्हा करारावर सही करण्याइतकं कायदेशीर वय कोणाचं झालेलं होतं आणि कोणाचं नव्हतं. जन्मतारीख काही आपण मत बघून निवडत नाही. आणि निघालं काय, तर ज्यांचा व्यापाराशी आधी काहीच संबंध नव्हता असे मधल्या विचाराचे लोक शेअर घेतल्यावर राजाच्या मनमानीविरुद्ध, सुधारणेच्या बाजूने सरकले, कारण परदेशी व्यापाराचे निर्णय राजाच्या मर्जीवर चालायचे आणि आता ती मर्जी ह्यांच्या खिशाला लागत होती. ह्याच ईस्ट इंडिया कंपनीने पुढे आपल्याकडे काय केलं ते वेगळं सांगायला नको, आणि हे मला सतत टोचत राहतं, की घरच्या राजाला लगाम घालणारा तोच शेअर दुसऱ्याच्या देशात लूट करायला पैसा पुरवतो. वाटणीत जो नाही त्याचं नुकसान कुणाला दिसत नाही.

तिसरा पेपर 2019 चा, इकॉनोमेट्रिका ह्या अर्थशास्त्राच्या नियतकालिकात, मोझेस शायो ह्या अर्थशास्त्रज्ञाबरोबर लिहिलेला. इस्रायलमध्ये 17 मार्च 2015 ला निवडणूक होती. त्याआधी ह्यांनी तिथल्या मतदारांना, चिठ्ठ्या टाकाव्यात तसं रँडम निवडून, इस्रायली किंवा पॅलेस्टिनी शेअर फुकट दिले, रक्कम छोटीच, आणि जास्तीत जास्त सात आठवडे त्यात ट्रेडिंग करायला लावलं. कुठलंही भाषण नाही, शांततेचा मेसेज नाही, फक्त शेअर आणि भाव. काही लोकांना काहीच दिलं नाही, म्हणजे तुलना करता यावी. निवडणुकीत ज्यांना शेअर मिळाले होते ते शांतता बोलणीच्या बाजूच्या पक्षांकडे जास्त सरकलेले दिसले. त्यांना त्या मतातून काही पैसे मिळणार होते असंही नाही. संघर्ष झाला तर अर्थव्यवस्थेचं किती वाटोळं होतं हे त्यांना जास्त दिसायला लागलं, एवढंच. आणि गंमत म्हणजे इस्रायली शेअर मिळालेल्यांवरही जवळजवळ तेवढाच परिणाम.

मला हे पटतं कारण मी स्वतः अनुभवलंय. मी दर महिन्याला थोडे पैसे म्युच्युअल फंडात टाकायला लागले तेव्हा पहिलं वर्षभर रोज भाव बघायचे, आणि त्या वर्षात बातम्या वाचायची पद्धतच बदलली. सीमेवर काही झालं की आधी फक्त राग यायचा, आता राग येतोच पण पाठोपाठ डोकं विचारतं की बंद कारखाने, अडकलेला माल, विमानं रद्द, ह्याचं बिल कोण भरणार. हा स्वार्थ आहे असं माझी मैत्रीण म्हणाली. असेल. पण त्या स्वार्थामुळे मी चार परक्या माणसांचं नुकसान मोजायला शिकले.

अर्थात ती निवडणूक नेतान्याहूंच्या लिकुड पक्षानेच जिंकली, 30 जागा, तेराशे-चौदाशे माणसांच्या प्रयोगाने देशाचा निकाल कसा बदलणार. आणि ऑक्टोबर 2023 पासून तिकडे जे झालं, हजारो लेकरं गेली, ते बघून हा पेपर परत उघडला तेव्हा मला खरंच पुढे वाचवेना. ज्या भागात एका बाजूच्या माणसाला परवान्याशिवाय सीमा ओलांडून कामालाही जाता येत नाही तिथे वाटणी कसली? झांच्या तीन अटींपैकी तिसरी तिथे कधी उभीच राहिली नाही असं माझं मत.

म्हणून मला परत परत त्या वाटणीकडे यावंसं वाटतं. माझे आजोबा सांगायचे की गलबताच्या फेरीचा हिशोब वाट्याने व्हायचा, बोटीचा वाटा वेगळा, भांडवलवाल्याचा वेगळा, खलाशांचा वेगळा, आणि आमच्या ओळखीत हिंदू सावकार आणि मुसलमान नाखवा अशी भागी दोन पिढ्या चालली. कोणाचा किती, तोटा झाला तर कोण सोसायचं, बोट बुडाली तर बायकापोरांना काय, हे त्यांना तोंडपाठ होतं आणि मी तेव्हा लिहून घेतलं नाही, आता आजोबा नाहीत. दाभोळ, चौल, राजापूर, जयगड, कुठलेही असाल आणि घरात ऐंशी-नव्वदीचं कोणी असेल तर ह्या गणपतीत जवळ बसून एवढं विचारा, वाटे कसे पडायचे, आणि भांडण झालं तर कोणाकडे जायचे. सांगतील ते जसंच्या तसं, त्यांच्याच शब्दांत लिहून घ्या आणि मला पाठवा. मी दाभोळपासून सुरुवात केलीय, दोन घरं झालीत, तिसऱ्या घरातल्या आजी म्हणाल्यात की वहीच आहे माळ्यावर, पाऊस संपला की काढून देते.