अट वगळून मान्यता

नियामक मंडळाच्या मागच्या बैठकीत एक विषय एकमताने मंजूर झाला. इतिवृत्त मीच लिहिलं, जसं ठरलं तसंच लिहिलं. पण ज्या बाईंचा तो पारितोषिकाचा प्रस्ताव होता त्यांना मंजुरीचं पत्र द्यायची वेळ आली तेव्हा माझा हात पुढे होईना. ते प्रकरण अजून डोक्यातून जात नाही.

मी सोलापुरातल्या एका स्वायत्त महाविद्यालयात कार्यालयीन अधीक्षक आहे. स्वायत्त म्हणजे पदवी विद्यापीठाची, पण परीक्षा आणि निकाल आमचे. विद्यापीठाला जशी व्यवस्थापन परिषद, तसं आम्हाला नियामक मंडळ. वर्षातून किमान दोन बैठका घ्याव्याच लागतात, त्यामुळे सहा महिन्यांचं सगळं एकाच दिवशी येतं: मागचं इतिवृत्त कायम करणे, जुन्या बाकांचं निर्लेखन, दरपत्रकं, नवा अभ्यासक्रम, कुणाची रजा, कशाला तरी कार्योत्तर मान्यता. बाहेरच्यांना वाटतं, तिथे चर्चा होते आणि मग निर्णय होतो. पण प्रत्येक विषयाची जी टिपणी आम्ही बैठकीपुढे ठेवतो, तिच्या शेवटी 'ठरावाचा मसुदा' म्हणून ज्या चार ओळी आम्ही टाइप करतो, त्याच बहुतेक वेळा जशाच्या तशा ठराव होतात. म्हणून त्या ओळींवर मी जीव टाकते. 'देण्यात यावी' आणि 'देता येईल' यांत किती फरक पडतो, हे पुढे लेखापरीक्षक आला की कळतं.

त्या बाई पहिल्यांदा आल्या त्या कुंभारीहून, अक्कलकोट रोडच्या बसने. तिथल्या विडी कामगारांच्या घरकुलात राहतात. 2006 मध्ये जी दहा हजार घरं झाली, त्यांतलं एक त्यांचं. घरी तेलुगू, बाहेर आपली सोलापुरी मराठी. आयुष्यभर विड्या वळल्या. आता बोटं वळत नाहीत म्हणून काम सोडलं आणि फंडाचे पैसे हातात आले. त्यांची मुलगी आमच्याकडूनच बी.कॉम. झालेली, सध्या पुण्यात नोकरीला. बाईंना त्या पैशांतून आमच्याकडे बक्षीस ठेवायचं होतं. नाव स्वतःच्या आईचं.

"आईनंच मला चौथीतून काढून मांडीवर सूप दिलं, मॅडम. तिला तरी काय, हजार विड्यांवर मजुरी. हात जितके जास्त तितका हजार लवकर भरायचा. तिचंच नाव द्या."

अट एकच. बक्षीस विडी कामगार बाईच्या मुलीला मिळालं पाहिजे.

मी बरीच वर्षं पारितोषिकांच्या फायली सांभाळते. आमच्याकडे काही पारितोषिकं सोलापूरची महाविद्यालयं कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाला जोडलेली होती तेव्हाची आहेत, म्हणजे 2004 च्या आधीची. मुदत ठेवीवर दहा-बारा टक्के व्याज मिळायचं त्या काळात देणगीदारांनी 'सुवर्णपदक' लिहून दिलं. आज त्या व्याजात पदकाला सोन्याचा मुलामाही नीट बसत नाही. म्हणून मी त्या बाईंना, मी त्यांना मावशीच म्हणते, आधीच समजावलं, पदक नको, रोख पारितोषिक ठेवू. जेवढं व्याज येईल तेवढी रक्कम. त्यांना पटलं.

खरी अडचण अटीत होती. आमच्या निकालाच्या सॉफ्टवेअरमध्ये विद्यार्थ्याचा प्रवर्ग आहे, आईचं नाव आहे, पण आई काय काम करते याचा रकाना नाही. प्रवेश अर्जात व्यवसाय विचारतात तो वडिलांचा, आणि तिथेही निम्मे जण 'मजुरी' लिहून मोकळे होतात. मग पात्र मुलगी शोधायची कशी? उत्तर आमच्याच कपाटात होतं. विडी कामगारांना कामगार कल्याण विभागाचं ओळखपत्र असतं आणि त्यावर त्यांच्या मुलांना केंद्राची शिष्यवृत्ती मिळते. त्या अर्जांची यादी आमच्याकडे दरवर्षी तयार असते. ती यादी निकालाशी ताडून पाहिली की काम झालं. मी तशी कार्यपद्धती लिहिली, शिष्यवृत्तीच्या लिपिकाशी बसून मागच्या याद्या तपासल्या आणि त्या परिशिष्टात जोडल्या. प्रत्येक यादीत मुली होत्या. विद्या परिषदेची शिफारस मिळाली, वित्त समितीनेही हरकत घेतली नाही.

बैठकीच्या दिवशी शुल्कवाढ आणि नव्या इमारतीच्या विषयांनी दुपार खाल्ली. आमचा विषय शेवटून तिसरा. शेजारच्या खोलीत जेवण मांडलं होतं, त्याचा वास येत होता. प्राचार्यांनी विषय वाचला. संस्थेचे एक ज्येष्ठ सदस्य म्हणाले, "देणगी उत्तम आहे, पण अट अवघड. एखाद्या वर्षी अशी मुलगी नसली तर व्याज पडून राहणार, लेखापरीक्षणात शेरा येणार. अट काढा. सर्वाधिक गुण मिळवणारी विद्यार्थिनी, एवढंच ठेवा." दुसऱ्यांनी अनुमोदन दिलं. "अट वगळून मान्यता," प्राचार्यांनी माझ्याकडे बघून सांगितलं आणि पुढचा विषय घेतला.

मी सदस्य नाही. मला विचारल्याशिवाय बोलता येत नाही, आणि कुणी विचारलं नाही. परिशिष्टाचं पान कुणी उलटलेलं मला दिसलं नाही. ते सदस्य दुष्ट नाहीत. लेखापरीक्षणाची त्यांची काळजी खरी आहे, असे शेरे मी स्वतः निस्तरले आहेत. पण त्या प्रस्तावातला जीव होता तो त्या अटीतच. सर्वाधिक गुणांसाठी आमच्याकडे पारितोषिकांची रांग आहे. त्यांतली बरीचशी एकच मुलगी घेऊन जाते आणि ती स्टेजवर चढउतार करून दमते. विडी कामगाराच्या मुलीसाठी, या सोलापुरात, एकही नाही. मला राग येतो तो याचाच. बिनाअटीचा पैसा चालवायला सोपा, म्हणून अट काढायची, हा विचार करायला एक मिनिटही लागलं नाही.

मावशी आल्या तेव्हा मी त्यांना ठराव वाचून दाखवला. त्यांनी 'अट वगळून' म्हणजे काय ते विचारलं. मी सांगितलं. त्या जरा वेळ माझ्या टेबलावरच्या स्टॅम्पपॅडकडे बघत बसल्या.

"म्हंजे डॉक्टरच्या पोरीला बी मिळंल?"

"मिळू शकतं."

"तिला द्यायला तिचा बाप हाय की, मॅडम. माझे पैसे नका घेऊ." मग लगेच, मला वाईट वाटलं असेल म्हणून की काय, "रागावले नाही हां. तुमची मीटिंग पुन्हा होईल न्हवं? तवर बँकेत ऱ्हातील. कुटं पळत न्हाईत."

झालेला ठराव मला बदलता येत नाही. पुढच्या बैठकीत इतिवृत्त कायम होताना 'नोंद चुकीची' एवढाच आक्षेप चालतो, आणि नोंद बरोबर आहे. पण देणगीदाराची संमती नसेल तर ठराव अमलात येऊच शकत नाही, आणि फेरविचारासाठी तेवढं कारण पुरेसं आहे. मावशींकडून तसं पत्र घेतलं. त्यांनी सही मराठीत केली, अक्षर अक्षर जोडून. पत्राला आवक क्रमांक पडला आहे.

नव्या टिपणीत एक वाक्य वाढवलं आहे: 'ज्या वर्षी पात्र विद्यार्थिनी उपलब्ध नसेल, त्या वर्षीचे व्याज मूळ ठेवीत जमा करण्यात यावे.' शेऱ्याचा प्रश्न तिथेच मिटतो. याद्या परिशिष्टातून काढून पहिल्या पानावर आणल्या आहेत, पान उलटावं लागणार नाही. आणि प्राचार्यांना स्पष्ट सांगितलं आहे, हा विषय इतिवृत्तानंतर लगेच घ्या, इमारतीच्या आधी. ते "बघू" म्हणाले आहेत. विषयपत्रिका पुढच्या आठवड्यात सदस्यांना जाते, तोवर मी रोज आठवण करणार आहे.