रात्री अकरा वाजता, अठरा मजली हॉटेलात

लेक आल्टो गाते, म्हणजे समूहगानात मुलींच्या आवाजांतली खालची ओळ; वरची ओळ सोप्रानोंची. यंदा हिवाळाभर ती स्वयंपाकघरात जे म्हणत होती, ते मला गाणं वाटतच नव्हतं. एकाच सुरावर थांबायचं, अर्धा सूर खाली यायचं, परत तिथेच. साताऱ्याला शाळेत मी समूहगानात होते. आम्ही पन्नासजणी, पण चाल एक आणि पेटीही एक. म्हणून मी पेटी काढून तिला चाल धरायला लावत होते. शेवटी ती म्हणाली, "आई, चाल सोप्रानोंकडे आहे. माझी ओळ एकटी ऐकायचीच नसते गं."

तिची अमेरिकेतल्या केंटकी राज्याच्या ऑल-स्टेट कॉयरमध्ये, म्हणजे राज्याच्या गायकवृंदात, निवड झाली होती. राज्यभरातली हायस्कूलची मुलं फेब्रुवारीत लुईव्हिलला जमतात, काही दिवस तालीम करतात आणि मोठी मैफल देतात. वाद्यवृंदाचंही तसंच. हे सगळं राज्याच्या संगीतशिक्षकांच्या अधिवेशनाला जोडून होतं. असं का, म्हणून मी वाचत गेले.

जोसेफ मॅडी हे शाळांमधले संगीतशिक्षक. १९२६ साली डेट्रॉइटला संगीतशिक्षकांचं राष्ट्रीय अधिवेशन होतं, त्यासाठी त्यांनी ठिकठिकाणच्या हायस्कूलमधून दोनशेहून जास्त मुलं गोळा केली. डेट्रॉइट सिंफनी या वाद्यवृंदाचे संचालक ऑसिप गॅब्रिलोविच यांनी या मुलांच्या वाद्यवृंदाचं संचालन केलं. विचार करा, लहान गावातल्या शाळेत ओबो (सनईसारखं फुंकून वाजवायचं वाद्य) वाजवणारी एकच मुलगी, आणि आजूबाजूला कधीच पुरता वाद्यवृंद नाही. अशा मुलीला तिथे पहिल्यांदा कळलं असेल की आपले सूर कुठे बसतात. दोन वर्षांनी, १९२८च्या उन्हाळ्यात, मॅडींनी मिशिगनमध्ये इंटरलॉकनला अशा मुलांसाठी शिबिरच सुरू केलं. मला या माणसाबद्दल फार माया वाटते.

लुईव्हिलच्या हयात हॉटेलमध्ये मधला चौक अगदी वरपर्यंत मोकळा आहे आणि प्रत्येक मजल्यावर सज्जे. कॉयरची मुलं तिथेच उतरतात. रात्री अकराला खोलीत परतायचं, पण त्याआधी सगळी सज्जात येऊन अमेरिकेचं राष्ट्रगीत म्हणतात. मी खाली लॉबीत उभी होते. आधी गलका, मग एकदम शांत. आणि मग वरून, चारी बाजूंनी, सूर उतरले.

शेकडो आवाजांत लेकीचा आवाज कुठला ओळखायला! पण तिची ओळ मला पाठ होती, भांडी घासताना हिवाळाभर ऐकलेली. सोप्रानो वर चढल्या आणि त्यांच्या खाली तो एकाच जागी थांबलेला सूर लागला, ज्याला मी चुकीचा म्हणत होते. तो होता म्हणून वरची चाल तशी झळाळत होती.

मुलं आत गेली, दारं लागली. मी तिला मेसेज केला: "तुझी ओळ ऐकली."