ह्यूस्टन, अगदी वरच्या रांगेतून

अमेरिकेत मार्च उजाडला की ऑफिसातल्या शहाण्यासुरत्या माणसांनाही ब्रॅकेटचं वेड लागतं. कॉलेज बास्केटबॉलची राष्ट्रीय स्पर्धा, 68 संघ, हरला तो घरी. कोण कुणाला हरवणार याचा अख्खा तक्ता आधीच भरायचा आणि पुढचे तीन आठवडे त्याची माती होताना बघायची. 2016 साली माझ्या भाच्याने मिशिगन स्टेटला विजेता ठरवलं होतं. त्यांना पहिल्याच सामन्यात 15व्या मानांकनाच्या मिडल टेनेसीने 90-81 असं गारद केलं. भाच्याचं तोंड उतरलं खरं, पण अंतिम सामना ह्यूस्टनला आहे हे कळल्यावर "मामा, जाऊया ना!" ही भुणभुण सुरू झाली ती तिकिटं काढेपर्यंत थांबली नाही.

डॅलसहून आय-45 महामार्ग धरला की साधारण 385 किलोमीटर नाकासमोर जायचं. सांगण्यासारखं एकच, हंट्सव्हिलजवळ झाडीतून अचानक डोकं वर काढणारा सॅम ह्यूस्टनचा, म्हणजे ज्याचं नाव या शहराला दिलंय त्याचा, 67 फुटी पांढराशुभ्र पुतळा. मुक्काम ह्यूस्टनच्या उपनगरात, शुगर लँडला, मावसबहिणीकडे. चार दिवसांवर पाडवा आलेला, त्यामुळे तिच्या डोक्यात श्रीखंड आणि हिलक्रॉफ्टवरच्या देशी दुकानांतली खरेदी. तिकिटाचा आकडा ऐकून ती म्हणाली, "एवढ्या पैशात नागपूरला जाऊन आला असतास की रे!"

सोमवारी, 4 एप्रिलला, गाडी लांब लावून मेट्रोच्या रेड लाइनने स्टेडियम गाठलं. एनआरजी स्टेडियम मुळात अमेरिकन फुटबॉलचं. त्याच्या शेजारीच अॅस्ट्रोडोम, घुमटाचं जुनं स्टेडियम, कुलूपबंद. बाकीची गर्दी त्याच्याकडे न बघता पुढे जात होती. मी मात्र थांबलो. 20 जानेवारी 1968 रोजी याच घुमटाखाली ह्यूस्टन विद्यापीठाने लागोपाठ 47 सामने जिंकत आलेल्या यूसीएलएला, म्हणजे लॉस एंजेलिसच्या विद्यापीठाला, 71-69 असं हरवलं होतं. ह्यूस्टनच्या एल्विन हेजचे 39 गुण, प्रेक्षक 52,693. कॉलेजचा बास्केटबॉल एवढ्या मोठ्या जागेत भरू शकतो, हे पहिल्यांदा इथेच दिसलं.

आत शिरल्यावर मात्र हा मोठेपणा अंगावर येतो. फुटबॉलच्या मैदानाच्या मधोमध उंच चौथऱ्यावर बास्केटबॉलचं कोर्ट मांडलेलं, आणि आमच्या रांगेतून ते कॅरमच्या पटाएवढं. भोवती 74,340 माणसं. भाचा सारखा वरच्या मोठ्या पडद्याकडे बघत होता. मी थोड्या वेळाने पडदा सोडला, कारण वरून चेहरे दिसत नसले तरी खेळाची वीण दिसते. कोण कुणासाठी वाट मोकळी करतोय, कुणाचा माणूस सुटलाय, हे सगळं एका नजरेत.

एका बाजूला आकाशी रंगाचं नॉर्थ कॅरोलायना, दुसरीकडे व्हिलानोव्हा. उपांत्य फेरीत व्हिलानोव्हाने ओक्लाहोमाला 95-51 असं चिरडलं होतं; बडी हील्डसारखा नावाजलेला खेळाडू 9 गुणांवर अडकला. मध्यंतराला कॅरोलायना 39-34 ने पुढे. नंतर व्हिलानोव्हाने थेट दहा गुणांची आघाडी घेतली, आमच्या बाजूची आकाशी माणसं गप्प झाली. पण ती आघाडी हळूहळू वितळली, आणि शेवटी मार्कस पेजने हवेतच पवित्रा बदलून तीन गुणांचा एक अशक्य फटका मारला. 74-74. उरले 4.7 सेकंद.

टाइमआउट झाला. व्हिलानोव्हाचा धिप्पाड डॅनियल ओचेफू फरशी पुसायचा मॉप घेऊन स्वतःच कोर्ट पुसायला लागला! पुढच्या चालीत त्याला तिथेच उभं राहून प्रतिस्पर्ध्याला अडवायचं होतं. अख्ख्या सामन्यात मला सगळ्यात आवडलेलं दृश्य हेच.

ख्रिस जेन्किन्सने चेंडू आत टाकला, रायन आर्चिडियाकोनो तो घेऊन धावला. सगळ्यांचे डोळे त्याच्यावर. वरून मात्र स्पष्ट दिसत होतं की चेंडू टाकणाऱ्या जेन्किन्सकडे कुणाचंच लक्ष नाही आणि तो मागून मोकळाच पळत येतोय. "अरे तो बघ, तो!" मी मराठीतच ओरडलो. आर्चिडियाकोनोने चेंडू मागे सोडला, जेन्किन्सने मारला, भोंगा वाजला तेव्हा चेंडू हवेत होता. 77-74. 1985 नंतर व्हिलानोव्हाचं पहिलं विजेतेपद. कॅरोलायनाच्या बाकावर नेट ब्रिट होता. त्याच्याच आईवडिलांनी जेन्किन्सला घरात घेऊन मुलासारखं वाढवलेलं.

एक गोष्ट तेव्हाही खटकली होती. या स्पर्धेच्या प्रक्षेपणाचा 2010 चा करार 14 वर्षांसाठी 10.8 अब्ज डॉलर्सचा, आणि खेळणाऱ्या पोरांना तेव्हा शिष्यवृत्तीपलीकडे पगार नव्हता. स्वतःच्या नावावर जाहिरातीतून कमवायची मुभा त्यांना मिळाली ती 2021 मध्ये. मॉप मारणारा खेळाडू गोड वाटतो, पण तेव्हाचा हिशेब काही गोड नव्हता.

परतीच्या मेट्रोत उभं राहायलाही जागा नव्हती. आकाशी टीशर्टातल्या एका आजीबाईंनी भाच्याला विचारलं, तू कुणाच्या बाजूचा? तो म्हणाला, मिशिगन स्टेट. आजीबाई इतक्या हसल्या की शेजारचे व्हिलानोव्हावालेही हसायला लागले. पुढच्या वर्षी कॅरोलायनाने गोंझागाला 71-65 असं हरवून विजेतेपद मिळवलं. तो सामना होता अॅरिझोनात, ग्लेंडेलला. आम्ही तो घरी, टीव्हीवर पाहिला. जेन्किन्ससारखा मागून येणारा माणूस कॅमेऱ्यात दिसतो का, हे मी सामनाभर शोधत होतो, आणि भाचा म्हणत होता, "मामा, चेंडू बघ ना!"