पंधरा सूर्यफुलं आणि आईची कॉमेंट

डायनिंग टेबलच्या वर व्हॅन गॉगच्या सूर्यफुलांची प्रिंट लावली, घर जरा चीअरफुल दिसावं म्हणून. आई लातूरहून आली, चहा पिता पिता त्याच्याकडे बघत बसली आणि म्हणाली, "अगं, निम्मी तर सुकलीयत की. देवाची असती तर निर्माल्यात गेली असती."

मी हसले, पण मग नीट बघितलं तर खरंच! पंधरा फुलं, त्यातल्या कितीतरी फुलांच्या पाकळ्या गळून नुसते बियांचे गोंडे उरलेत, काहींनी चक्क मान टाकलीय. आणि इतकी वर्षं मी याला आनंदी चित्र म्हणत होते. पिवळ्या रंगाने गंडवलं मला, दुसरं काय. फुलं पिवळी, फुलदाणी पिवळी, टेबल पिवळं, मागची भिंत पण पिवळी, घरात हळद लागल्यासारखं सगळं.

१८८८ चा ऑगस्ट, दक्षिण फ्रान्समधलं आर्ल गाव. गोगँ, त्याचा चित्रकार मित्र, राहायला येणार म्हणून व्हॅन गॉग घर सजवायला निघालेला, म्हणजे आपण पाहुण्यांसाठी पडदे धुतो आणि नवी बेडशीट काढतो ना, तसं त्याने ही फुलं रंगवली. ती पटकन कोमेजतात म्हणून रोज दिवस उगवला की कामाला बसायचा. गोगँ ऑक्टोबरमध्ये आला, दोन महिने राहिला, मग भांडणं, व्हॅन गॉगने स्वतःचाच कान कापला ते प्रकरण, सगळ्यांना माहितीये. शिवाय चित्रातला क्रोम यलो, म्हणजे तो पिवळा रंग, उजेडाने हळूहळू काळवंडतो म्हणे. हे सगळं मी आईला सांगितलं, जरा ड्रामॅटिक करूनच.

तिने ऐकून घेतलं. दुसऱ्या दिवशी पोळ्या लाटता लाटता आपणहून म्हणाली, "ती मान टाकलेली सुकलेली नाहीत गं. दाणा भरला की सूर्यफूल खालीच बघतं. पाठ पिवळी पडली की काढायचं, वाळवायचं, काठीने बडवायचं, मग बी." सूर्यफुलाचं पीक तिने माहेरी बघितलेलं, मी फक्त तेलाचं पाकीट.

मग हात पुसून चष्मा लावून जवळ गेली. फुलदाणीवर 'व्हिन्सेंट' अशी सही आहे, फक्त पहिलं नाव. मला वाटलं आता काहीतरी भारी बोलणार.

"बरं केलं," म्हणाली, "भांड्यावर नाव घातलेलं असलं की शेजारी गेलं तरी परत येतं."